प्रत्येक बोटीला अर्थ हवाच का?

प्रश्न : समुद्रकिनाऱ्याच्या चित्रात बोट दिसली की जाणकार लगेच ‘जीवनप्रवास’ म्हणतात. बोट नुसती बोट असू शकत नाही का?

उत्तर : असू शकते की! पुष्कळदा असतेच. मी आधी बोटी मोजतो, मग अर्थाच्या वाटेला जातो. जर्मन चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिखचं १८३५च्या सुमाराचं ‘जीवनाच्या अवस्था’ हे चित्र घ्या. किनाऱ्यावर पाच माणसं, पाण्यात पाच जहाजं. काही जवळ, काही पार क्षितिजापाशी. माणसागणिक एक जहाज, म्हणजे हे प्रतीक चित्रकारानेच मांडलंय, जाणकारांनी चिकटवलेलं नाही.

माझी नजर मात्र अडकते ती मधल्या दोन मुलांवर. त्यांच्या हातात इवलंसं स्वीडिश निशाण आहे. जर्मन किनाऱ्यावर ते कशाला? फ्रीडरिखचं जन्मगाव ग्राइफ्सवाल्ड त्याच्या लहानपणी स्वीडनच्या अमलाखाली होतं. १८१५ मध्ये ते प्रशिया या जर्मन राज्याकडे गेलं. राज्य बदलून वीसेक वर्षं लोटली, तरी पोरांच्या हातात जुनंच निशाण! जहाजांचा अर्थ कुणालाही लागेल. निशाणाचा लागायला त्या किनाऱ्याचा इतिहास ठाऊक हवा. (सूर्यास्ताचं विचारू नका, तो बरेचदा निव्वळ रंगांच्या मोहापायी येतो.) तेव्हा चित्रापुढे उभे राहाल तेव्हा बोटींआधी निशाणं, कपडे, माणसांच्या हातातल्या वस्तू बघा.