सूफी आणि पॉप मिसळताना लूपवर गायलेली कव्वाली बेजान का वाटते?

तुम्ही सोलापुरात १० बाय १२च्या खोलीत सहा गाण्यांचा अल्बम करताय. तयार लूपवर, म्हणजे तोच ताल-तुकडा पुन्हापुन्हा वाजणाऱ्या ट्रॅकवर, गाता तेव्हा पॉपचा भाग जमतो, कव्वालीचा भाग मात्र पडतो. दोष गळ्याचा नाही, रेकॉर्डिंगच्या क्रमाचा आहे.

कव्वालीत एक ओळ पुन्हापुन्हा येते, तिला तकरार म्हणतात. प्रत्येक फेरीला ढोलक, टाळी आणि हमनवा (साथीचे गायक) थोडा जोर चढवतात, लयही हळूहळू वाढते. लूपमध्ये पहिली आणि दहावी फेरी सारखीच असते, त्यामुळे गायकाला चढायला आधारच मिळत नाही. म्हणून आधी बैठक, मग बीट.

गायक, हार्मोनियम आणि ढोलक एकत्र बसवा आणि क्लिक (कानात वाजणारा ठरावीक ठोका) न लावता पूर्ण गाणं तीन-चारदा घ्या. केरवा ताल ८४ बीपीएमच्या (मिनिटाला ८४ बीट) आसपास सुरू केला, एक आवर्तन म्हणजे चार बीट धरून, तर शेवटी ९८-१००पर्यंत सहज जाता येतं. ११०ला सुरू केलात तर पुढे जागा उरत नाही आणि शब्द चेपले जातात. चांगला टेक निवडून प्रत्येक समेवर टेम्पो-मार्कर टाका, म्हणजे लयीचा नकाशा तयार होतो. रीपर, क्यूबेस, लॉजिक या तिन्ही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये हे होतं. किक (पॉपच्या ड्रमचा खालचा ठोका), सिंथ, बेस त्या नकाशावर बसवा. ढोलकाचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ताणून ग्रिडवर, म्हणजे समान अंतराच्या बीटवर, आणू नका. थापेची धार जाते आणि लयीतला झोकही जातो.

सुरांत सगळ्यात जास्त घोळ हार्मोनियम घालते. तिचे सूर ४४० हर्ट्झ या प्रमाण सुरावर असतीलच असं नाही. ट्यूनर ॲपवर तपासा. ४४२ निघालं तर फरक जेमतेम ८ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), पण लांबलेल्या सुरावर सिंथ लहरताना ऐकू येतो. हार्मोनियमच्या आतले धातूचे रीड घासत बसण्यापेक्षा सॉफ्टवेअरचा मूळ सूर हार्मोनियमला जुळवा. माइक पट्ट्यांच्या वर ३०-४० सेंटिमीटरवर ठेवा, भात्याच्या बाजूला नको, नाहीतर हवेचा फुसफुसाट येतो. ऑटोट्यून (सूर आपोआप सरळ करणारं साधन) मींड आणि आंदोलनाची, म्हणजे सुरांमधल्या घसरणीची आणि हेलकाव्याची, वाट लावतो. तो बंद ठेवा, चुकलेला सूर हाताने दुरुस्त करा.

चाल भैरवीची असेल आणि खाली सवयीने मेजर कॉर्ड लावलात तर कॉर्डमधला शुद्ध गंधार गळ्यातल्या कोमल गंधाराला भिडतो. माझ्या मते आलाप आणि तकरारीखाली फक्त सा-प धरावा, कॉर्ड मुखड्यापुरते ठेवावेत. दर आवर्तनाला कॉर्ड बदलला की गायक त्याच्याच मागे धावतो.

ढोलकाचा डावा (खर्जाचा भाग) आणि किक दोघंही साधारण ६० ते १२० हर्ट्‌झमध्ये बसतात. एकाला जागा द्या. तकरारीत ढोलक पुढे ठेवून किक १०० हर्ट्‌झजवळ ३-४ डेसिबलने कमी करा, मुखड्यात उलट.

टाळ्या सॅम्पलच्या, म्हणजे तयार रेकॉर्ड केलेल्या, वापरू नका. चार-पाच जण अर्धवर्तुळात, माइकपासून दीड-दोन मीटरवर उभे करा. तीन वेळा घ्या, दर वेळी जागा बदला. १०-२० मिलिसेकंदांची मागेपुढे तशीच राहू द्या, त्यानेच माणसं वाटतात.

खोलीसाठी जाड सोलापुरी चादरी दुहेरी करून भिंतीपासून ३-४ इंच पुढे टांगा. गुंज कमी होते, पण फक्त वरच्या सुरांची. खालची घुमघुम राहते, म्हणून कोपऱ्यात बसून गाऊ नका. बाहेरचा यंत्रमागाचा खडखडाट चादरींनी अडत नाही. त्याला कारखान्याच्या सुट्टीचा दिवस हाच उपाय. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद ठेवून दुपारी गाणं अशक्यच, पहाटेचे दोन तास धरा. कोरड्या उन्हात ढोलकाची पुडी ताणते आणि सूर चढतो, पावसाळी हवेत उतरतो. दर टेकआधी सूर तपासा, नाहीतर दोन दिवसांचे टेक जोडता येणार नाहीत.

रेकॉर्डिंगची कापाकापी मिसऱ्याच्या (कवितेच्या ओळीच्या) शेवटीच करा. १९९०च्या ‘मस्त मस्त’ अल्बमसाठी निर्माते मायकेल ब्रूक यांनी कव्वाल नुसरत फतेह अली खानांचं गाणं संकलित केलं, तेव्हा काही ठिकाणी ओळ मध्येच तुटून अर्थ बिघडला आणि ते खानसाहेबांना चाललं नाही. संकलन करणाऱ्याला भाषा येत नसेल तर कागदावर ओळी तोडून द्या. ख़, ग़, क़ नीट लागतात का, हे शहरातल्या एखाद्या उर्दू शिक्षकाला ऐकवून घ्या, तेही मिक्सच्या आधी.

पंजाबी सूफी कवी बुल्लेशाह १७५७ साली वारले, त्यांचे शब्द मोकळे आहेत. पण तुमच्या कानात बसलेली चाल आजच्या संगीतकाराची असू शकते. आपल्याकडे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. एखादं गाणं मराठीतही घ्या, असं मनापासून सांगेन. श्रीगोंद्याचे शेख महंमद सूफी परंपरेशी नातं असलेले आपले संतकवी. त्यांचे अभंग हमनवांच्या साथीने गायला उत्तम, कारण धृपद आपोआप तकरारीचं काम करतं.

मास्टर (गाण्याची अंतिम प्रत) -१४ लफ्सच्या (सरासरी आवाजाचं माप) आसपास आणि ट्रू पीक (आवाजाचं सर्वोच्च टोक) -१ डेसिबलवर ठेवा. त्याहून दाबून मोठा केलात तर स्ट्रीमिंगवाले आवाज खाली आणतातच, वर पहिल्या आणि शेवटच्या तकरारीतला चढही सपाट होतो.