आधी चित्र दाखवा

प्रिय बाळा,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. सोबतची फाइल मी तेव्हाच ऐकली, मग झोप लागेना म्हणून लिहायला बसलो. तुझ्या ट्रॅकबद्दल शेवटी लिहितो, आधी तुझा प्रश्न.

तू विचारलंयस, "सर, जाहिरातीला दिला तर मी विकली गेले असं होईल का?" हा प्रश्न सोडून दे. आमच्या पिढीने त्यावर वर्षानुवर्षं वाद घातले, मैत्र्या तोडल्या, आणि त्यातून कुणाचं संगीत तसूभरही सुधारलं नाही. पोट सगळ्यांना आहे. डान्स फ्लोअरवर नाचणाऱ्यांनीही तिकीट काढलेलंच असतं. मला काळजी वाटली ती तुझ्या मेसेजमधल्या दुसऱ्याच ओळीची, जी तू सहज लिहून गेलीस: "फिल्म अजून शूट व्हायचीय, पण त्यांना उद्यापर्यंत सही हवीय."

इथेच थांब. चित्र, म्हणजे ज्या फिल्मखाली ट्रॅक वाजणार ती, बघितल्याशिवाय सही करायची नाही. या पत्रात मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी वाच.

अंडरवर्ल्ड या ब्रिटिश गटाचा 'बॉर्न स्लिपी' तुला ठाऊक आहेच. तो १९९५ साली आला तेव्हा फारसा गाजला नव्हता. दिग्दर्शक डॅनी बॉइल यांनी तो आपल्या 'ट्रेनस्पॉटिंग' या सिनेमासाठी मागितला आणि हे लोक मागे सरले. त्यांचं संगीत नेहमी क्लबमधला धिंगाणा दाखवायलाच वापरलं जायचं, त्याला ते विटले होते. मग बॉइल यांनी त्यांना सिनेमाचा काही भाग दाखवला, आणि तो बघून त्यांनी होकार दिला. १९९६ मध्ये सिनेमा आला, पाठोपाठ ट्रॅक पुन्हा बाजारात आला आणि ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. आज तो कुठेही लागला तरी पैशांची बॅग घेऊन निघालेला तो पोरगा डोळ्यांसमोर येतोच. सूर आणि दृश्य एकदा चिकटले की पुन्हा सुटत नाहीत. त्यांना हे कळत होतं म्हणून त्यांनी आधी दाखवा म्हटलं. आणि एवढं करूनही काय झालं बघ: त्यातले शब्द कार्ल हाइड यांनी दारूत बुडालेल्या स्वतःच्या अवस्थेवर लिहिले होते, आणि लोक हातात ग्लास घेऊन तेच शब्द आनंदाने ओरडू लागले. चित्र पाहून दिलेल्या ट्रॅकची ही गत, तर तू न बघताच द्यायला निघाली आहेस.

माझी गोष्ट तुला कुणीतरी अर्धवट सांगितली असेल. पूर्ण सांगतो.

बाबा गेले त्यानंतरच्या महिन्यात मी एक ट्रॅक केला. जुन्या कॅसेटवर त्यांची शीळ सापडली होती. दोनच सूर, खालून जिन्यातून आम्हाला हाक मारायचे तेव्हाची. ती मी संगणकावर घेतली, आठ पट ताणली, दोन सप्तकं खाली उतरवली, वर भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, दिला. ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे ट्रॅक मध्येच मोकळा होतो तिथे, किक म्हणजे ढोलाचा ठोका थांबतो आणि पोकळीतून काहीतरी वर येत राहतं, ती ही शीळ होती. शीळ आहे हे कुणाला ओळखू येणं शक्य नव्हतं, मला तसंच हवं होतं. ट्रॅक क्लबमध्ये चालला. मग एका एजन्सीने गाडीच्या जाहिरातीसाठी मागितला आणि समोर कागद ठेवला: सर्व माध्यमांत, सर्व प्रदेशांत, कायमस्वरूपी, एकरकमी. मी रक्कम बघितली आणि सही केली. रात्रीचा रस्ता, एक गाडी, पावसाचे थेंब अशी ती फिल्म होती. चांगली होती. मी सगळ्यांना दाखवली.

तीन वर्षांनी मी आईजवळ बसलो होतो. टीव्हीवर मॅच चालू होती. ओव्हर संपली आणि जाहिरात लागली, जुगाराच्या ॲपची. पडद्यावर फासे घरंगळतायत, नोटा उडतायत, आणि खाली बाबांची शीळ. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ताणलेली, उतरवलेली, रिव्हर्बमध्ये बुडवलेली शीळ, पण तिने ओळखली. काही बोलली नाही. रिमोट घेऊन आवाज बंद केला आणि मॅच पुन्हा सुरू झाली तरी तो बंदच ठेवला.

मी वकिलाकडे गेलो. त्याने कागद वाचला आणि परत दिला. कराराप्रमाणे सगळं बरोबर होतं.

म्हणून मी हट्टी झालो. लोक याला माझा अहंकार म्हणतात, म्हणू देत.

तुला घाई का केली जातेय तेही समजून घे. एखादा ट्रॅक चित्राखाली लावायला दोन परवानग्या लागतात, एक रचनेची आणि एक ध्वनिमुद्रणाची, म्हणजे मास्टरची. मोठ्या कलाकारांच्या बाबतीत ही दोन दारं वेगवेगळ्या घरांची असतात आणि दोन्हीकडे महिने जातात. तू सगळं एकटीने आपल्या खोलीत केलंस, सँपल, म्हणजे आवाजाचे तुकडे, तेसुद्धा स्वतः रेकॉर्ड केलेले वापरलेस. म्हणजे दोन्ही दारं तुझीच आणि काम एका सहीत होतं. त्यात तुझा ट्रॅक १२८ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांचा. त्या लयीत चार ठोक्यांचा एक बार १.८७५ सेकंदांचा, सोळा बार म्हणजे बरोब्बर ३० सेकंद. एडिटरला कात्रीसुद्धा लावावी लागणार नाही. आठ बार बिल्डअप, म्हणजे चढत जाणारा ताण, मग ड्रॉपवर, म्हणजे बीट कोसळतो त्या क्षणी, वस्तू, पुढच्या आठ बारांत हसरे चेहरे आणि शेवटी नाव. आपल्या संगीताची घडणच अशी की जाहिरातीच्या चौकटीत ते आपोआप बसतं. तेव्हा तुझा ट्रॅक त्यांना सोयीचा आहे, हे ध्यानात ठेवून बोल. सोयीच्या मालाचा मालक अटी घालू शकतो.

आणि बाळा, तू व्हॉट्सॲपवर त्यांना अंगठा का पाठवलास? मला खरंच राग आला. अमेरिकेत एका पेयाच्या कंपनीने आपल्या कार्यक्रमाच्या व्हिडिओखाली डीजे झी-ट्रिपचा मिक्स लावला. त्यात बीस्टी बॉइज या रॅप गटाची गाणी होती. कंपनीच्या माणसाने डीजेला व्हिडिओबद्दल विचारलं, त्याने कौतुकाचा एक शब्द पाठवला आणि कंपनीने तीच परवानगी धरली. प्रकरण कोर्टात गेलं, २०१४ मध्ये ज्युरीने कंपनीला १७ लाख डॉलर भरायला लावले. तिथे निकाल कलाकारांच्या बाजूने लागला, कारण लढायला त्यांच्यापाशी बळ होतं. तुझ्यापाशी ते नाही. आजच लिही की ट्रॅक आवडला याचा आनंद आहे, पण परवानगी लेखी करारानंतरच मिळेल.

आता मोबी. तू त्यांचं नाव काढणार हे मला माहीत होतं, सगळेच काढतात. या अमेरिकी संगीतकाराचा 'प्ले' हा अल्बम १९९९ साली आला आणि त्यातले अठराच्या अठरा ट्रॅक जाहिराती, सिनेमे, मालिका यांना दिले गेले. खरं आहे. रेडिओ वाजवत नव्हता तेव्हा जाहिरातींनी तो अल्बम लोकांच्या कानांवर घातला, आणि पुढे त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. त्यांच्या जागी मी असतो तर? माहीत नाही. पण त्याच अल्बमच्या एका ट्रॅकमध्ये व्हेरा हॉल यांचा आवाज आहे. अलाबामाच्या या गायिकेचा आवाज लोकगीतं गोळा करणाऱ्यांनी कित्येक वर्षांपूर्वी टिपून ठेवला होता. त्या १९६४ साली वारल्या. त्यांचं ते दुःखाचं गाणं पुढे कशाकशाखाली वाजलं, हे त्यांना कुणी दाखवलं नाही, दाखवणं शक्यच नव्हतं. माझ्या बाबांनाही मी विचारू शकलो नाही. तू मात्र हयात आहेस, तुला विचारता येतं. म्हणून तू चित्र मागायचंस.

दृश्याबरोबरच दुसरी गोष्ट विचार: नेमके कुठले तीस सेकंद? १९९६ साली बॅबिलॉन झू या गटाचं एक गाणं जीन्सच्या जाहिरातीत वाजलं. जाहिरातीत घेतला होता वेग वाढवलेला, नाचरा तुकडा. लोक दुकानात धावले, गाणं ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेलं आणि घरी जाऊन लावलं तर मधला मोठा भाग संथ, जड गिटारचा. लोकांनी विकत घेतले होते ते जाहिरातीचे तीस सेकंद. तुझा ट्रॅक सहा मिनिटांचा आहे. त्यातला कुठला तुकडा जगाला 'तुझा' म्हणून ओळखीचा होणार, हे ठरवण्याच्या खोलीत तू नसलीस तर तक्रार कुणाकडे करणार?

याउलट फ्रेंच संगीतकार मिस्टर ओइझो. १९९९ मध्ये जीन्सच्याच जाहिरातीत एक पिवळं बाहुलं मान डोलवत होतं आणि खाली त्यांचा तो घरघरणारा बेस. बाहुल्याची फिल्म त्यांनीच केली होती, संगीतही त्यांचंच. त्यांना चित्र मागायची गरजच नव्हती. म्हणून ती जाहिरात मी अजून आनंदाने बघतो. इतक्या मोकळ्या मनाने मला दुसरी कुठलीच बघता येत नाही.

करारात काय हवं ते आता भराभर सांगतो. फिल्मचं नाव, लांबी, वस्तू कोणती, देश कोणते, माध्यमं कोणती, मुदत किती. 'कायमस्वरूपी' हा शब्द खोड आणि तिथे एक वर्ष लिही. नवी फिल्म असेल तर नवी परवानगी, नवा मोबदला. स्टेम्स मागतील. वेगळी किक, वेगळा बेस, वेगळे आवाज एकदा त्यांच्या हाती गेले की तुझ्या ट्रॅकमधून ते दुसराच ट्रॅक शिवतील, म्हणून स्टेम्स फक्त या फिल्मच्या मिक्ससाठी, असं लिहून घे. टीव्हीवर जाणार असेल तर क्यू शीटमध्ये, म्हणजे कार्यक्रमात कुठलं संगीत वाजलं त्या नोंदीत, रचनाकार म्हणून तुझं नाव बरोबर लागलंय का बघ, प्रसारणाची रॉयल्टी त्या कागदावरूनच येते. आणि शेवटी, करार लागू होईल तो रफ कट, म्हणजे फिल्मची कच्ची जोडणी, पाहून तू लेखी मान्यता दिल्यावर. या सगळ्यांत एकच कलम वाचवता आलं, तर हे शेवटचं वाचव.

ते म्हणतील, असं कुणी मागत नाही. मी मागतो.

याची किंमत मोजली का, तर मोजली. एका दिग्दर्शकाने माझा ट्रॅक त्याच्या सिनेमाच्या शेवटच्या प्रसंगासाठी मागितला होता. मी म्हटलं, प्रसंग दाखवा. तो म्हणाला, गुप्तता आहे, पटकथासुद्धा कुणाला दिलेली नाही, माझ्यावर विश्वास ठेवा. मी तीन वेळा विचारलं, त्याने तीन वेळा नाही म्हटलं. ट्रॅक दुसऱ्याचा गेला. सिनेमा प्रचंड चालला. मी तो थिएटरात बघितला आणि तुला खोटं सांगत नाही, तो प्रसंग सुंदर होता. माझा ट्रॅक तिथे शोभला असता. बाहेर पडताना माझा मित्र म्हणाला, "तुझ्या हट्टाने तुला खाल्लं." मी कित्येक रात्री त्यावर विचार केला आहे. प्रसंग सुंदर निघाला हे मला नंतर कळलं. नकार देताना माझ्यासमोर एक बंद दार होतं आणि माझ्या कानांत आईने बंद केलेला आवाज होता. त्या दिवशी जेवढं माहीत होतं, तेवढ्यावर मी बरोबर होतो. आजही तोच नकार देईन.

तू म्हणशील, सरांचं घर मग चालतं कशावर? लायब्ररी संगीतावर. तिथे ट्रॅक आधीच मोकळा करून ठेवलेला असतो, कुणीही घ्यावा, कशाखालीही लावावा, आपल्याला पत्ता नसतो. मी वर्षाला चाळीस-पन्नास करतो. स्वच्छ बेस, नेटका बिल्डअप, साठ, तीस आणि पंधरा सेकंदांच्या आवृत्त्या, शेवट ठसठशीत. मन लावून करतो, कारागिरी चोख असते. फक्त त्यांत मी कुणाला ठेवत नाही. कुणाची शीळ नाही, कुणाचा श्वास नाही. तूही असे ट्रॅक कर. भाडं त्यातून दे. म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या ट्रॅकसाठी 'आधी दाखवा' म्हणताना तुझा आवाज कापणार नाही. मला हे उशिरा सुचलं, गाडीची जाहिरात आली तेव्हा माझं दोन महिन्यांचं भाडं थकलेलं होतं. ही सबब नाही, पण तसं होतं.

आता तुझा ट्रॅक. बेसलाइन पहिल्या दोन मिनिटांत फार बोलते, तिला जरा गप्प कर. हाय-हॅट्स छान. आणि चौथ्या मिनिटाला, बिल्डअपच्या अगदी तळाशी, कुणीतरी हसतंय. आधी वाटलं भास आहे, मग हेडफोन लावून चार वेळा ऐकलं. लहान मूल आहे किंवा खूप म्हातारं माणूस. कुणाचं आहे ते मला सांगू नकोस. ते मागतायत त्या सोळा बारांत ते हसू येतंय का, एवढं टाइमलाइनवर बघ आणि त्यांना फोन करायच्या आधी मला कळव. मी जागाच आहे.

तुझा,
सर