टॅक्सीवाले हायब्रिड घेतात, म्हणून तुम्ही घ्यावी का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. वय 47. गोदामात सुपरवायझर आहे. ओव्हरटाइम बंद झाल्यापासून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी उबर चालवतो. कामाचे वर्षाला साधारण 15 हजार मैल होतात, घरचे 8 हजार. गाडी 2018 ची टोयोटाची साधी रॅव्ह-फोर, कर्ज फिटलेलं, ॲव्हरेज गॅलनला 25 मैल. डीलर तिचे 14 हजार डॉलर धरतो आणि नवी कॅमरी हायब्रिड कर-नोंदणीसह 34 हजारांना देतो. उरलेल्या 20 हजारांवर साडेसात टक्के व्याज, 60 हप्ते. विमा महिन्याला 55 डॉलरने वाढेल. मॅनहॅटनमध्ये बघावं तिकडे टॅक्सी हायब्रिडच दिसते. ज्यांचं पोटच गाडीवर आहे ते मूर्ख नसणार. घेऊन टाकू का? अडीअडचणीसाठी ठेवलेल्या 12 हजारांतले काही घालून कर्ज कमी करावं का? डीलरची ऑफर शनिवारपर्यंतच आहे.

उत्तर: शनिवारी सही करू नका, आणि त्या 12 हजारांना तर हातच लावू नका. दोन्हींची कारणं सांगतो.

टॅक्सीवाले मूर्ख नाहीत, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या हायब्रिड, म्हणजे इंजिनाला बॅटरी आणि मोटरची जोड असलेल्या टॅक्सी, फोर्ड एस्केप, 2005 मध्ये रस्त्यावर आल्या. मे 2007 मध्ये महापौर मायकल ब्लूमबर्ग यांनी जाहीर केलं की 2012 पर्यंत सगळ्या पिवळ्या टॅक्सी हायब्रिड करणार. टॅक्सीमालक कोर्टात गेले आणि जिंकले, कारण ॲव्हरेजचे नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा, शहराचा नव्हे. बॉस्टनचा तसलाच नियमही कोर्टात टिकला नाही. म्हणजे सक्ती झालीच नाही. तरीही 2014 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या 13 हजारांहून अधिक पिवळ्या टॅक्सींपैकी निम्म्याहून जास्त हायब्रिड होत्या. सॅन फ्रान्सिस्कोत तर 2012 पर्यंतच दहातल्या नऊ टॅक्सी हायब्रिड किंवा सीएनजीवर आल्या होत्या.

हे कसं झालं ते आकड्यांत दिसतं. जुनी फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया शहरात गॅलनला 14 मैल द्यायची, एस्केप हायब्रिड 36. दोन पाळ्यांत चालणारी पिवळी टॅक्सी वर्षाला 70 हजार मैलांच्या आसपास धावते. एकीला 5,000 गॅलन, दुसरीला 1,950 च्या आत. वर्षाला तीन हजार गॅलनचा फरक! त्यात मॅनहॅटनचे सिग्नल. थांबलं की इंजिन बंद, ब्रेक दाबला की वाया जाणारी शक्ती परत बॅटरीत. ब्रेक पॅडही जास्त टिकतात. पुढे 2011 मध्ये क्राउन व्हिक्टोरियाचं उत्पादनच थांबलं आणि उरलासुरला प्रश्न सुटला.

आता तुमची वही उघडू. कामाचे आणि घरचे मिळून 23 हजार मैल. रॅव्ह-फोरला 920 गॅलन, कॅमरीला 50 चं ॲव्हरेज धरलं तर 460. गॅसचा, म्हणजे पेट्रोलचा भाव गॅलनला 3.20 डॉलर धरू. बचत वर्षाला 1,472 डॉलर. थंडीत हायब्रिडचं ॲव्हरेज उतरतं, पण ते सोडून देऊ.

दुसऱ्या बाजूला हप्ता 401 डॉलरचा, म्हणजे वर्षाला 4,800 च्या वर. पण हप्ता आणि गॅस यांची थेट तुलना अन्यायाची होईल, कारण पाच वर्षांनी गाडी हातात उरते. म्हणून घसारा, म्हणजे गाडीची उतरत जाणारी किंमत, धरू. माझा अंदाज असा: एक लाख पंधरा हजार मैल धावलेल्या कॅमरीचे पाच वर्षांनी 14 हजार येतील. म्हणजे घसारा वर्षाला 4,000 आणि व्याज सरासरी 810. रॅव्ह-फोर ठेवलीत तर तिची किंमत 14 वरून 5 हजारांवर येईल, वर्षाला 1,800; दुरुस्तीचे जादा 1,200 धरा. नवी गाडी वर्षाला 1,810 ने महाग पडते, त्यात विम्याचे 660. एकूण 2,470 जादा खर्च करून 1,472 वाचवायचे, म्हणजे वर्षाला हजाराचा खड्डा.

तोटा मोठा नाही, मान्य. पण आज तुमच्यावर गाडीचं कर्ज शून्य आहे. गोदामातले तास आणखी कमी झाले तर रॅव्ह-फोर दारात उभी ठेवता येते. 401 चा हप्ता उभा राहत नाही. घरातली एकच नोकरी डळमळीत असताना महिन्याचा बांधील खर्च वाढवणं मला पटत नाही. ते 12 हजार याच दिवसांसाठी आहेत. साडेसात टक्के वाचवायला ते घातलेत आणि उद्या काही निघालं, तर क्रेडिट कार्डावर वीस टक्क्यांच्या वर भराल.

हे गणित उलटतं कुठे? तुमच्या दोन गाड्यांत गॅसच्या खर्चात मैलामागे 6.4 सेंटचा फरक आहे. वर्षाला एकूण 39 हजारांच्या आसपास मैल झाले की हिशोब बरोबरीत येतो. जादा मैलांनी घसाराही वाढतो, म्हणून मी 45 हजार धरेन. आणि ते मैल कुठले, हेही बघा. नेवार्क विमानतळाच्या फेऱ्या टर्नपाइकवरून, म्हणजे टोलच्या महामार्गावरून, सरळ सुटतात. तिथे तुमची रॅव्ह-फोरसुद्धा 28-30 देत असेल, मग बचत आणखी घटते. मॅनहॅटनच्या टॅक्सीला हायब्रिडचा जो फायदा होतो तो सिग्नलवर रखडण्याचा आहे.

टॅक्सीवाल्यांचंच उदाहरण घ्यायचं तर पुरतं घेऊ. ज्या न्यूयॉर्कच्या चालकांनी हायब्रिडची निवड अचूक केली, त्यांच्यातल्याच हजारोंनी टॅक्सीचा परवाना, तिथे ज्याला मेडॅलियन म्हणतात, तो भरमसाट कर्ज काढून घेतला. सगळेच घेत होते. 2014 मध्ये भाव दहा लाख डॉलरच्या वर होता. उबर आलं, भाव कोसळला, हप्ते तसेच राहिले. 2021 मध्ये सिटी हॉलबाहेर चालकांनी उपोषण केलं, तेव्हा कुठे कर्जं एक लाख सत्तर हजारांवर आणून त्यांना शहराने हमी द्यायचं ठरलं. गाडी रोज चालवणाऱ्याला गॅसचा खर्च रोज दिसतो, तिथे तो सहसा चुकत नाही. कर्जाच्या बाबतीत त्याची पारख इतरांइतकीच कच्ची असते. तुमच्यापुढे आलेल्या कागदात दोन्ही गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत.

कराबद्दल डीलर काहीबाही सांगेल. मैलांच्या ठराविक दराने वजावट घेत असाल, तर 2025 साठी दर मैलाला 70 सेंट होता. तुमच्या 15 हजार मैलांवर 10,500. ही वजावट रॅव्ह-फोरला जेवढी, तेवढीच कॅमरीला. त्यातच घसारा आणि गॅस धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. कर्जाच्या व्याजाचा कामापुरता हिस्सा मात्र वेगळा दाखवता येतो. मैलांची नोंद रोजच्या रोज ठेवता ना? ॲपच्या वर्षअखेरच्या आकड्यात प्रवासी शोधत फिरलेले मैल पूर्ण येतीलच असं नाही.

पुढचे तीन महिने एवढंच करा: कामाचे मैल, टर्नपाइकचे मैल आणि हातात उरलेले पैसे लिहा. गोदाम सुटलं आणि पूर्णवेळ गाडी चालवायची वेळ आली, तर हायब्रिड जरूर घ्या, पण तीन-चार वर्षं वापरलेली. रॅव्ह-फोरच्या पैशांवर क्रेडिट युनियनच्या (पतसंस्थेच्या) कर्जाचे आठेक हजार घातले की 22 हजारांपर्यंतची गाडी येते. सात टक्क्यांनी 36 महिन्यांचा हप्ता 250 च्या आत राहतो. 2020 पासूनच्या मॉडेलांना टोयोटा हायब्रिड बॅटरीची 10 वर्षं किंवा दीड लाख मैलांची वॉरंटी देते, दोन्हींपैकी जे आधी संपेल ते. त्यामुळे किती वर्षांची यापेक्षा किती मैलांची हे आधी विचारा.

वापरलेली हायब्रिड बघायला गेलात तर मागच्या सीटशी वाका. बॅटरी गार ठेवणाऱ्या हवेची जाळी तिथेच असते. भाड्याने फिरलेल्या गाडीत ती धुळीने, कपड्यांच्या तंतूंनी बुजलेली सापडते. तशी असेल तर आतली बॅटरी तापत राहिलेली असू शकते. 2019 ते 2021 ची ऑल-व्हील रॅव्ह-फोर हायब्रिड असेल तर मागच्या मोटरकडे जाणारी जाड नारिंगी केबल मेकॅनिककडून तपासून घ्या. आपल्याकडच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ती गंजल्याच्या तक्रारी बऱ्याच झाल्या.

तुमच्या सध्याच्या विम्यात उबरचं कलम आहे का, हे मात्र या आठवड्यातच विचारा. ॲप चालू आहे पण भाडं अजून मिळालेलं नाही, अशा वेळी धडक झाली तर घरगुती पॉलिसी बहुधा हात वर करते आणि उबरचं संरक्षण त्या वेळेपुरतं तोकडं असतं. ते कलम थोडक्या पैशांत जोडून मिळतं.