नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत उंच टाक्यांवर काम चालतं. उंचीवर अडकलेल्याला खाली उतरवायचं तिथलं रेस्क्यू किट कधी आणि कसं तपासायचं?

प्रत्येक वापरापूर्वी वापरणाऱ्याने, आणि वर्षातून किमान एकदा सक्षम (अशा तपासणीचं प्रशिक्षण घेतलेल्या) व्यक्तीकडून लेखी नोंदीसह. पण हे किट वापरलंच जात नाही म्हणून कोणी उघडतही नाही. खाडीची खारी, दमट हवा आणि कारखान्यांची वाफ पाहता दर तीन महिन्यांनी उघडाच.

दोर हातभर सरकवत बोटांनी चाचपा, वाकवून पाहा. मऊ, चपटी किंवा फुगलेली जागा लागली म्हणजे आतला गाभा गेला, दोर बाद. दोर आणि पट्टे ज्यांचे बनतात त्यातल्या नायलॉनला आम्ल खातं, पॉलिएस्टरला तीव्र अल्कली. त्यामुळे रंग उडालेला, कडक झालेला पट्टाही बाद. शिवण तुटलेली दिसली तर शंकेला जागाच नाही.

कॅरॅबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं, गेट (उघडणारी बाजू) सोडताच आपोआप मिटलं पाहिजे. क्षाराने अडकत असेल तर कोमट पाण्याने धुऊन, वाळवून उत्पादकाने सांगितलेलं वंगण लावा. तरीही अडकलं तर फेका. पट्टे सौम्य साबणाने धुवा आणि सावलीतच वाळवा.

दोर सर्वात उंच जागेवरून जमिनीपर्यंत पुरतो का, हे मोजून पाहा. नवी टाकी उभी राहते, दोर जुनाच असतो! हार्नेसमध्ये (अंगावर घालायच्या सुरक्षा पट्ट्यांत) निश्चल लटकलेल्या माणसाच्या जिवाला काही मिनिटांतच धोका होऊ शकतो, तेव्हा दोर शोधायला वेळ नसतो.

बाद सामान कापूनच टाका, नाहीतर कोणीतरी परत वापरतं.