पॉड घेण्याआधी

रिफिल करता येणारे पॉड, म्हणजे निकोटिनचा द्रव पुन्हा भरता येणारी लहान ई-सिगारेट, वापरून पाहावे का, असे आपण पत्रात विचारले आहे. भुसावळला राहून तसा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. 2019 च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटची विक्री, आयात आणि साठवण यांवर बंदी आहे, आणि कोणी चोरून विकत असला तरी त्या द्रवात काय मिसळले आहे याची खात्री कोण देणार? येथे औषधाच्या दुकानात निकोटिनचे च्युइंगगम मिळते. डॉक्टरांना विचारून ते घ्यावे.

आपण लिहिता त्याप्रमाणे नोकरीसाठी ब्रिटनला जाणार असाल, तर गोष्ट वेगळी. तेथे पॉडमधील द्रवाची टाकी 2 मिलिलिटरपर्यंत आणि निकोटिन मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमपर्यंतच चालते. नवा पॉड भरल्यावर कॉइलभोवतीचा, म्हणजे द्रव तापवणाऱ्या तारेभोवतीचा, कापूस (खान्देशी माणसाला कापसाचे गुण वेगळे सांगायला नकोत) पूर्ण भिजेपर्यंत, म्हणजे साधारण दहा मिनिटे, झुरका घेऊ नये, कारण कोरडा कापूस एकदा जळाला की ती करपट चव कॉइल बदलल्याशिवाय जात नाही. द्रवही पातळच निवडावा; दाट द्रव लहान पॉडच्या कापसात वेळेवर शिरत नाही. मुळात सिगारेट न ओढणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. सुट्टीत गावी येताना मात्र उपकरण तिकडेच ठेवावे, कारण आयातबंदीतून प्रवाशाची बॅगही सुटत नाही.