लहान भाऊ बटण खातो, आठ दिवस घरात कोंडून ठेवलं तर सुटेल का? पोलिसांत सांगितलं तर त्याच्यावरच केस होते का?

कोंडू नका. प्लीज. प्रश्न वाचला आणि कणिक तशीच ठेवून लिहायला बसले.

आम्ही हेच केलं होतं. नशेच्या या गोळीला आमच्याकडे संभाजीनगरात बटण म्हणतात, मालेगावला कुत्ता गोळी, पण आत बऱ्याचदा तीच अल्प्राझोलाम, डॉक्टर झोपेसाठी लिहून देतात ती. दारूसारखा वास येत नाही म्हणून घरात कळतच नाही. आईने भावाचे बूट धुवायला काढले तर आतल्या सोलखाली रिकाम्या स्ट्रिपा, चपट्या करून घडी घातलेल्या. 14 निघाल्या.

काकांनी वरच्या खोलीला कुलूप लावलं. दोन दिवस तडफडेल, मग येईल वळणावर म्हणे. मी डॉक्टर डॉक्टर म्हणत होते तर तुझं लग्न झालंय, तू यात पडू नको, गावभर बोभाटा होईल. तिसऱ्या दिवशी पहाटे वरून पाय आपटल्याचा आवाज, आईला वाटलं चिडून दार वाजवतोय. कुलूप काढलं तर हा फरशीवर, डोळे पांढरे, जीभ दातात, कॉलर रक्ताने भिजलेली. फिट आली होती. हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, गोळ्या एकदम बंद कोणी केल्या? काका शेजारीच उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. आजही सांगत फिरतात की अशक्तपणामुळे आली. नाही काका. ही गोळी महिनोन्महिने पोटात गेली की मेंदूला तिची सवय होते, झटक्यात तोडली की फिट येते, माणूस जाऊही शकतो. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. आमच्याकडे चार महिने लागले, मध्ये एकदा परत सुरूही झालं होतं. मनात आणलं तर सुटतं म्हणणाऱ्यांचा मला अजून संताप येतो.

पोलिसांचं म्हणाल तर अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात कलम 64अ आहे, फक्त स्वतः घेणारा आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यातून सूट मिळते, उपचार अर्धवट सोडले तर ती जाऊ शकते. विकतही असेल तर वकिलालाच विचारा. तक्रार करायचीच तर मेडिकलवाल्याची करा, ही गोळी शेड्यूल एच-1 मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि कोणाला दिली त्याचं रजिस्टर ठेवावं लागतं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन 14446, फुकट आहे.

सगळ्यांनाच फिट येते असं नाही, आणि गांजा किंवा एमडी (मेफेड्रोन) असेल तर उपचार वेगळे, तेव्हा माझ्यावरून औषध ठरवू नका. रोज किती खातो तो खरा आकडा डॉक्टरांना सांगा, लाजेपोटी निम्मा सांगू नका. स्ट्रिपा फेकू नका, पिशवीत घालून सोबत न्या.

आणि घरातलं मोठं कोणी नको म्हणालं तरी रिक्षा बोलवा. मी तीन दिवस बोलावली नाही.