४७व्या वर्षी गिटार शिकायला घेतली तर जमेल का? आणि भजनात गिटार बसते का?

ताई, तुम्ही लिहिलंय की लेकीसाठी घेतलेली गिटार ती शिकायला पुण्याला गेल्यापासून कपाटावर पडून आहे, आता तुम्हालाच वाजवावीशी वाटतेय, वय ४७, आणि सासूबाई म्हणतात आपल्या घरात भजन-भावगीतं चालतात, त्यात गिटार कुठे बसणार.

जमेल. वयाबद्दल मला एवढंच म्हणायचंय. रोज २० मिनिटं बसलात तर तीन-चार आठवडे बोटांची टोकं दुखतील, मग तिथे घट्टा पडेल आणि दुखायचं थांबेल, दोन-तीन महिन्यांत चार कॉर्ड (एकदम छेडायचे जुळवलेले सूर) येतील. पण सासूबाईंच्या त्या वाक्यावर मला गप्प बसवत नाही. हेच वाक्य मी १९८८ साली ऐकलंय आणि त्यापायी माझी वीस वर्षं गेली.

मी मिरजेचा. म्हणजे जिथे गल्लीभर सतार-तंबोरे बनतात आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव घेताना माणसं कानाला हात लावतात ते गाव. आमचे अण्णा पेटी वाजवायचे, दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजन, धाकटे काका गायला, शेजारचे एकजण पखवाजाला. मी दहावीच्या सुट्टीत कापडाच्या दुकानात काम करून साडेचारशे रुपयांची गिटार घेतली आणि रेल्वे कॉलनीतल्या एका गोव्याच्या मुलाने मला चार कॉर्ड शिकवल्या, सी, ए मायनर, एफ, जी. गावात क्लास वगैरे काही नव्हतं. वर्षभर वाजवून वाजवून बोटांना घट्टे पडले आणि एका गुरुवारी मी अण्णांना विचारून गिटार घेऊन देवळात गेलो.

अण्णा नेहमी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, वाजवायचे, काकांचा आवाज त्याच पट्टीत. मी वाजवत होतो सी, म्हणजे पांढरी एक. शेजारशेजारचे सूर. सूर लांब असता तरी कदाचित चाललं असतं, पण अर्ध्या सुराचा फरक कानात खिळ्यासारखा घुसतो, गाणाऱ्याला तर गाताच येत नाही. मला वाटलं गिटार उतरलीय म्हणून मी घाईघाईत सगळ्यात बारीक तारेची खुंटी पिळत गेलो आणि ती तार तुटून माझ्याच मनगटाला लागली. पखवाज थांबला. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "हे वाद्यच बेसूर आहे, खाँसाहेबांच्या गावात असलं काही आणू नकोस." अण्णा काहीच बोलले नाहीत, त्यांनी पेटीचा भाता मिटला आणि पुढचा अभंग त्या दिवशी झालाच नाही. काकांच्या बोलण्यापेक्षा तो भाता मिटल्याचा आवाज मला जास्त दिवस ऐकू येत होता.

त्यानंतर मी गिटार सोडली नाही पण घरात वाजवली नाही. हॉस्टेलवर, मित्रांच्यात, नोकरी लागल्यावर ठाण्याला, लग्नानंतर गॅलरीत. मिरजेला जाताना ती कधीच बरोबर नेली नाही. वीस वर्षं मी धरून चाललो होतो की काका बरोबर असतील.

मग २००८ साली माझी लेक क्लासला जायला लागली आणि एक दिवस तिच्या बॅगेत चिमट्यासारखं काहीतरी दिसलं. कॅपो. तुमच्या लेकीच्या गिटारच्या कव्हरमध्येही बहुतेक असेल, बघा. गिटारच्या मानेवर तो आवळला की सहाही तारा एकदम तिथून दाबल्या जातात आणि सगळी गिटार तेवढी वर चढते. लेकीने तो पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांमधलं पहिलं घर) लावला आणि सी वाजवला आणि मी तिथेच जमिनीवर बसलो, कारण ती काळी एक होती. अण्णांची काळी एक. वीस वर्षं जो तंटा मी मनात घेऊन फिरत होतो तो एका फ्रेटचा होता, बोटभर अंतराचा, आणि १९८८ साली मला हे सांगणारं कुणीच नव्हतं.

त्या गणपतीला गिटार मिरजेला नेली. प्रवासात की पावसाळी हवेने काय माहीत, घोडी (गिटारच्या पोटावर चिकटवलेला, तारा अडकवायचा लाकडी तुकडा) एका बाजूने उचलली होती, ती मी गल्लीतल्या एका तंबोरे करणाऱ्यांकडे नेली. त्यांनी गिटार कधी दुरुस्त केली नव्हती, पण तारांखालची पट्टी बघून म्हणाले, हे तर आमच्यासारखंच हाड आहे, आणि कानस घेऊन ती इतकी हळू घासली, दोनदा घासायची, एकदा तार छेडून कान लावायचा, परत दोनदा, की तारा दाबायला निम्मी ताकद लागायला लागली. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंज, काढणारा हात तो. पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी आरतीआधी अण्णांची पेटी समोर ठेवली आणि गिटार तिच्यावर लावली, मशीनवर नाही. हे तुम्ही लक्षात ठेवा कारण हे क्लासमध्ये कुणी सांगत नाही: जुनी पेटी आजच्या ट्यूनर ॲपशी जुळेलच असं नसतं, आणि पेटी काही जागच्या जागी बदलता येत नाही, खुंट्या गिटारला आहेत तेव्हा जुळवून घ्यायचं ते गिटारने. सोपं आहे, कॅपो काढून सहाही मोकळ्या तारा पेटीच्या पांढऱ्या सुरांवर येतात, जाड तारेपासून पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि परत तीन. आणि एक फ्रेट म्हणजे पेटीवरची पुढची पट्टी, काळी असो की पांढरी. हे एवढं कळलं की दोन्ही वाद्यं एकच भाषा बोलतात.

कॅपो पहिल्या फ्रेटवर, सी चा शेप, म्हणजे बोटांची तीच मांडणी. पहिली आरती सुरू झाली आणि अण्णांनी दुसऱ्या ओळीत पेटी वाजवणं थांबवलं. माझ्या पोटात गोळा आला, मला वाटलं परत भाता मिटणार. पण त्यांनी नुसता सा धरून ठेवला होता, एक बोट, आणि भाता हळूहळू चालू, आणि मान तिरकी करून ऐकत होते. आरती संपल्यावर म्हणाले, "परत घे." मग आई गायली, तिची पट्टी काळी चार, त्यासाठी कॅपो हलवावाही लागला नाही, तिथेच ठेवून नुसता जी चा शेप धरला. ७३ वर्षांचे अण्णा त्या रात्री साडेबारापर्यंत बसले होते. पुढे २०१६ साली ते गेले तोवर दर गणपतीला, दर दत्तजयंतीला आम्ही दोघं वाजवायचो आणि लेक टाळ धरायची, आणि आता लेक गिटार वाजवते आणि मी पेटीला बसतो, त्याच पेटीला.

काका अजून म्हणतात, गणपतीपुरतं ठीक आहे पण हे आपलं वाद्य नाही. तर आपलं म्हणजे काय हे मला एकदा लिहूनच टाकू दे. पेटी कुठली? हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतलंय. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी ती मांडी घालून एका हाताने भाता ओढत वाजवता येईल अशी केली म्हणून ती आपल्या देवळात आली. आणि आकाशवाणीने १९४० साली याच पेटीवर बंदी घातली होती, परकी आहे, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) निघत नाहीत, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही म्हणून, ती १९७१ साली उठायला लागली. म्हणजे अण्णांच्या उमेदीची सगळी वर्षं रेडिओच्या लेखी त्यांचं वाद्य परकं होतं, आणि दर गुरुवारी देवळात तेच वाजत होतं. व्हायोलिनही असंच बाहेरून आलेलं. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार आडवी घेऊन त्यावर सगळा राग उभा केला, १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर त्यांची रेकॉर्ड निघाली, ती काकांच्याच घरात आहे. (त्यांची वाजवायची पद्धत वेगळी, तारेवर सळई सरकवायची, तुम्ही-मी वाजवतो ती नाही. पण वाद्य गिटारच.) जे वाद्य घरातल्या माणसाच्या आवाजाशी जुळवून घेतं ते त्या घरातलं, मी तरी असंच मानतो.

आता तुमचं. सासूबाईंना आधी पट्टी विचारा, त्या मंडळात गात असतील तर त्यांना नक्की माहीत असेल. काळी चार असेल तर वर सांगितलं तसं, काळी पाच असेल तर कॅपो तिसऱ्या फ्रेटवर आणि जी चा शेप. कोमल गंधाराचं (उतरलेल्या ग चं) गाणं असेल, भीमपलास वगैरे, तर सी किंवा जी चा मेजर शेप चालणार नाही, तेव्हा काळी एकसाठी ए मायनरचा शेप आणि कॅपो चौथ्यावर. आठ मात्रांचा भजनी ठेका तुमच्या कानात लहानपणापासून आहे, उजव्या हाताला तोच करू द्या, ॲपमधले इंग्रजी गाण्यांचे स्ट्रमिंग पॅटर्न आत्ता नकोत. क्लास की ॲप विचारलंत तर पहिले दोन महिने समोर बसणारं कुणीतरी हवं, मनगट कुठे वाकतंय ते ॲपला दिसत नाही.

एक राहिलं, आणि इथे काकांचं बरोबर आहे हे मला मान्य केलं पाहिजे. गाणारी व्यक्ती यमन आळवतेय, तीव्र मध्यम लागतोय आणि तुम्ही सी च्या शेपमधून सवयीने एफ धरलात तर त्यात शुद्ध मध्यम आहे, सगळ्याची माती होते. अशा वेळी कॉर्ड बदलायचीच नाही, सा आणि प च्या तारा तेवढ्या तंबोऱ्यासारख्या छेडत राहायच्या. मी सुरुवातीला दर ओळीला कॉर्ड बदलायचो, आईने दोनदा गाणं थांबवून मला सांगितलं तेव्हा कळलं.

कपाटावरच्या गिटारच्या तारा गंजल्या असतील, त्या तशाच वाजवू नका, बोटं सोलतील. नवा सेट घ्या, सगळ्यात पातळ तार दहाची (०.०१० इंच जाडीची) असलेला, जुन्या तारा ताणलेल्या असताना कापू नका, आधी खुंट्या सैल करा. आणि घोडी उचललीय का ते कागदाचा तुकडा सरकवून बघा, आत गेला तर आधी दुरुस्ती, मग तारा. मिरजेकडे कधी आलात तर कळवा, त्या गल्लीत मी तुम्हाला घेऊन जाईन.